शीटमधलं मराठी शब्दकोडं: बरोबर उत्तर चूक का ठरतं?

प्रश्न: यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत एकच संगणक आहे, इंटरनेटचा भरवसा नाही. चौथीसाठी एक्सेलमध्ये विदर्भावरचं शब्दकोडं केलं. मुलं 'चंद्रपूर' बरोबर लिहितात, तरी खाने हिरवे होत नाहीत. 'लेन' सूत्र तर या शब्दाची लांबी ८ दाखवतं. चुकतंय कुठं?
— एक शिक्षिका

उत्तर: मॅडम, संगणक च, अनुस्वार, द, हलन्त, र, प, ऊकार, र असं सुटं मोजतो, म्हणून ८. मुलांसाठी ती चं-द्र-पू-र अशी चारच अक्षरं. त्यामुळे 'लेफ्ट' किंवा 'मिड' वापरून शब्द तोडू नका, अनुस्वार आणि मात्रा अक्षरापासून तुटतात. 'उत्तर' नावाचं दुसरं शीट घ्या आणि कोड्यातल्याच जागी, एका खान्यात एक पूर्ण अक्षर, हातानेच भरा.

शब्द छेदतानाही अख्खं अक्षर जुळायला हवं. चंद्रपूर आडवा आणि नागपूर उभा घेतला तर दोन्हींच्या तिसऱ्या 'पू'वर छान बसतात. भंडाऱ्याचा 'रा' मात्र लोणारच्या 'र'वर बसणार नाही. ७ बाय ७ च्या जाळीत सहा शब्द जमले तरी चौथीला पुष्कळ. स्तंभाची रुंदी ६ आणि ओळीची उंची ३६ ठेवली की खाना जवळपास चौकोनी होतो. उंची कमी पडली तर वरच्या मात्रा कापल्या जातात.

आता हिरव्या रंगाचं. बहुतेक वेळा दोष अदृश्य स्पेसचा असतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डवर शब्द पक्का करायला स्पेस दाबावी लागते आणि ती खान्यातच राहते. कंडिशनल फॉरमॅटिंगच्या (अट जुळली की खान्याला आपोआप रंग देणाऱ्या सोयीच्या) नियमात कोड्यातला खाना 'ट्रिम' या जादा स्पेस काढणाऱ्या सूत्रामध्ये गुंडाळा, मग तो 'उत्तर' शीटमधल्या त्याच खान्याशी ताडून बघा. शीटचं नाव टाइप न करता त्या खान्यावर क्लिक करा आणि आपोआप आलेली डॉलरची चिन्हं काढून टाका, नाहीतर सगळी जाळी एकाच उत्तराशी ताडली जाते. २०१० च्या आधीच्या एक्सेलमध्ये या नियमात दुसरं शीट चालत नाही. तिथं उत्तरं त्याच शीटवर दूरच्या स्तंभांत ठेवून ते स्तंभ लपवा.

तरीही जुळलं नाही तर उत्तरं कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये तर भरली नाहीत ना, ते बघा. तिथं दिसायला मराठी असलं तरी आत इंग्रजी अक्षरं असतात. 'दऱ्या'सारखे शब्द तर टाळाच. त्यातला 'ऱ्य' दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो, दिसतो सारखाच. लेकराने नीट लिहिलेलं चूक ठरलं तर त्याचा स्वतःच्या लिहिण्यावरचा विश्वास जातो, म्हणून वर्गात नेण्याआधी मुलं वापरतील त्याच कीबोर्डने सगळं कोडं एकदा भरून बघा.

प्रश्न: मुलं सूत्रं पुसतात, खाने ओढून हलवतात. उपाय?
— एक शिक्षक, गोंदिया जिल्हा

उत्तर: मुळात सगळेच खाने 'लॉक्ड' असतात, पण शीट प्रोटेक्ट केल्यावरच ते लागू होतं. आधी फक्त मुलांचे खाने निवडा, कंट्रोल आणि १ दाबून 'लॉक्ड'ची खूण काढा, मग 'रिव्ह्यू'मधून शीट प्रोटेक्ट करा. 'उत्तर' शीट लपवून वर्कबुकही प्रोटेक्ट करा, नाहीतर राइट क्लिकने ते परत उघडतं. खाना ओढला की सूत्राचा पत्ताही बदलतो. 'ऑप्शन्स'च्या 'अॅडव्हान्स्ड'मधून ओढण्याची सोय बंद करा. तिथंच 'ऑटोकम्प्लीट'ही बंद करा, नाहीतर आधी भरलेलं उत्तर आपोआप पुढे येतं. शेवटी फाइल टेम्प्लेट म्हणून ठेवा, म्हणजे दर वेळी कोरी प्रत उघडेल.