पहिली जॉयस्टिक घेताना

संगणकावर फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान उडवायला शिकताना जॉयस्टिक, थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा भाग) आणि रडर (विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग) चालवणारे पायाचे पेडल एकदम घेऊ नका. दांडी पिळून रडर चालवता येईल आणि बुडाशीच थ्रॉटलची सरकपट्टी असेल, अशी एकच जॉयस्टिक सुरुवातीला पुरते. आपल्या यवतमाळकडे उन्हाळ्यात घरभर धूळ येते, आणि दांडी किती हलली हे मोजणाऱ्या पोटेन्शिओमीटरमधील पट्टी घासून झिजली किंवा तीवर धूळ बसली, की दांडी सोडल्यावरही विमान एका बाजूला कलू लागते. म्हणून चुंबकाच्या आधारे, स्पर्शाविना चालणारा हॉल सेन्सर असलेली थ्रस्टमास्टर टी १६०००एम मला अधिक भरवशाची वाटते. तिच्या पिळाला मात्र पोटेन्शिओमीटरच आहे, त्यामुळे उड्डाण संपल्यावर ती सुती कापडाने आठवणीने झाकून ठेवा. पेडल हेलिकॉप्टरची गोडी लागल्यावर घ्यावेत.