जमा ठरलेली, पुंजी घटणारी

“लाभांश दरमहा न चुकता जमा होतो, मग गुंतवणुकीची किंमत का उतरत चालली आहे?” अमेरिकेत स्थायिक झालेले एक निवृत्त गृहस्थ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या हातात एक वही होती. कर्जे आणि रोखे यांत पैसे गुंतवणाऱ्या एका क्लोज्ड-एंड फंडाकडून (म्हणजे ठरावीक शेअर काढून ते बाजारात खरेदी-विक्रीला असणाऱ्या फंडाकडून) मिळालेली प्रत्येक रक्कम तिच्यात तारखेनिशी, सुवाच्य अक्षरात मांडलेली होती. फंडाची पत्रे मात्र पाकिटातच राहिली होती. घसरणीबद्दल त्यांनी पत्नीलाही सांगितले नव्हते.

ती पत्रे आम्ही मिळून उघडली. निव्वळ उत्पन्नाखेरीज अन्य स्रोतांतून वाटप झाले, तर 1940 च्या इन्व्हेस्टमेंट कंपनी कायद्याच्या कलम 19(ए) नुसार फंडाला तसे लेखी कळवावे लागते. या पत्रांत ‘भांडवलाची परतफेड’ असा रकाना होता आणि तो रिकामा नव्हता.

मी कागदावर सोपे आकडे मांडले. शेअरमागे एनएव्ही, म्हणजे फंडाच्या निव्वळ मालमत्तेचे मूल्य, 10 डॉलर, बाजारभाव 8 डॉलर आणि वर्षाचे वाटप 1 डॉलर असेल, तर घेणाऱ्याला साडेबारा टक्के परतावा दिसतो. परंतु खर्च आणि घेतलेल्या कर्जावरचे व्याज वजा जाता फंडाच्या हाती 70 सेंटच उरले आणि अन्य नफा नसला, तर उरलेले 30 सेंट पुंजीतून जातात, एनएव्ही 9.70 वर येते आणि पुढच्या वर्षी तेवढाच डॉलर कमावण्यासाठी हाताशी मालमत्ता कमी राहते.

“म्हणजे मी माझेच पैसे खातो आहे?” त्यांचा आवाज कापत होता. “काही अंशी, होय. पण काका, यात तुमच्या हुशारीचा काही दोष नाही,” असे मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो, कारण खात्यात आलेली रक्कम पाहून तिचा उगम ओळखता येत नाही. भांडवलाची परतफेड म्हणजे प्रत्येक वेळी नुकसानच असेही नाही, कारण भाव वाढलेली पण न विकलेली गुंतवणूक असली तरी असा भाग दिसू शकतो. एनएव्ही वर्षानुवर्षे उतरत असेल, तर मात्र काळजी रास्त आहे. शिवाय पत्रातले आकडे अंदाजाचे असतात. करासाठीचा निर्णायक आकडा फॉर्म 1099-डिव्ह या लाभांशाच्या वार्षिक कर-विवरणाच्या तिसऱ्या चौकटीत येतो आणि तेवढ्याने खरेदीची मूळ किंमत कमी धरावी लागते.

घाबरून सगळे शेअर विकण्याचा विचार आम्ही बाजूला ठेवला. निव्वळ उत्पन्नातून येणारा भागच घरखर्चाला धरायचा, एवढे ठरले. पुढच्या भेटीला ते पत्नीसह आले. वहीत एनएव्हीचा नवा रकाना होता, आणि त्यातले अक्षर पत्नीचे होते.