मुलीला क्लिअरिंगच्या धंद्यात घालू का?

प्रश्न : मी उरणचा. न्हावा-शेव्याला एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याकडे, बरीच वर्षं नोकरी करतोय. मुलगी यंदा बी.कॉम. होईल आणि तिला याच क्षेत्रात यायचंय. पण सरकारनं सगळं ऑनलाइन केलं, मोठ्या कंपन्या थेट बंदरातून माल उचलतात, आमच्या ऑफिसातली माणसंही कमी झाली. मी तिला बँकेच्या परीक्षा दे म्हणतो. माझं चुकतंय का? – एक पालक

सप्रेम नमस्कार,

तुमची काळजी खरी आहे. फाइल घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जाणं, सही-शिक्का मिळेपर्यंत थांबणं, या कामावर तुमच्या पिढीनं घरं उभी केली. ते काम आता परत येणार नाही. एप्रिल 2016 मध्ये सिंगल विंडो आली आणि प्लांट क्वारंटाइन (वनस्पतींच्या रोगांची तपासणी), एफएसएसएआय (अन्न सुरक्षा), औषध नियंत्रक यांच्याकडचे वेगवेगळे अर्ज एकाच घोषणापत्रात आले. 2018 मध्ये ई-संचितमुळे कागद स्कॅन करून चढवायला लागलो. 2020 मध्ये फेसलेस असेसमेंट देशभर लागू झालं. आता न्हावा-शेव्याला उतरलेल्या मालाची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचं घोषणापत्र, दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो. त्यामुळे ओळखीचा उपयोग संपला. हे चांगलंच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण या सुधारणा कशा झाल्या तेही पाहा, कारण तुमच्या मुलीची नोकरी तिथेच आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराला भारतानं 2016 मध्ये मान्यता दिली. त्यानंतर कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समिती बसली आणि तिच्यात उद्योगांच्या संघटनांनाही जागा मिळाली. कस्टम हाउसच्या पातळीवर व्यापार सुलभीकरण समितीच्या बैठका होतात. तिथे आयातदार, ब्रोकरांच्या (म्हणजे क्लिअरिंग एजंटांच्या) संघटना आणि अधिकारी समोरासमोर बसून अडचणी मांडतात.

सगळ्यात मोठा बदल एईओ योजनेतला, म्हणजे कस्टम्सनं विश्वासू ठरवलेल्या कंपन्यांच्या योजनेतला. कंपनीनं आपले हिशेब, साठा, सुरक्षा सगळं कस्टम्सला उघडून दाखवायचं. त्या बदल्यात मालाची तपासणी कमी, थेट बंदरातून डिलिव्हरी, वरच्या श्रेणीतल्यांना ड्युटी नंतर भरायची मुभा. म्हणजे तपासणी संपलेली नाही. तिचा मोठा भाग शेडमधून कंपनीच्या ऑफिसात गेला. तिथे रेकॉर्ड नीट ठेवणारं आणि ऑडिटच्या वेळी उत्तर देणारं माणूस लागतं.

एक उदाहरण देतो, मुलीलाही वाचून दाखवा. वाशीच्या मार्केटला जाणारा बदामाचा कंटेनर घ्या. कवचासकट बदामाचं टॅरिफ हेडिंग, म्हणजे शुल्काच्या यादीतला वर्गीकरणाचा क्रमांक, वेगळं, सोललेल्याचं वेगळं. ड्युटी टक्क्यांत नाही, किलोवर आहे. 2019 मध्ये अमेरिकन बदामावर जादा शुल्क बसलं, सोललेल्यावर किलोला 20 रुपये आणि कवचाच्या मालावर 7. सप्टेंबर 2023 मध्ये ते काढलं, तेव्हा मूळ दर सोललेल्याला 100 आणि कवचाला 35 रुपये होता. आता माल नेमका कुठल्या देशात पिकला, हेडिंग कुठलं, कुठली अधिसूचना कुठल्या तारखेपासून लागू, फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या) सर्टिफिकेटवरचं वर्णन इन्व्हॉइसशी जुळतंय का, हे सगळं जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पक्कं करून बिल ऑफ एन्ट्री भरायची. उशीर झाला तर दिवसागणिक दंड. पोर्टल यातलं काहीही ठरवत नाही, तुम्ही भराल ते घेतं. चूक झाली तर नोटीस आयातदाराला येते, आणि ब्रोकरनं पुरेशी काळजी घेतली नसेल तर त्याचं लायसन्स धोक्यात येतं.

म्हणून मुलीनं पोर्टल शिकण्यापेक्षा माल शिकावा. टॅरिफचे प्रकरणनिहाय नियम, मूल्यांकन, मूळ देशाचे नियम. 2020 पासून मुक्त व्यापार करारांखाली सवलत मागणाऱ्या आयातदारालाच मालाच्या उगमाची माहिती ठेवावी लागते, आणि ही माहिती नीट गोळा करणारी माणसं मला फार कमी दिसतात.

वाट अशी. बारावीनंतर एच-कार्डवर, म्हणजे ब्रोकरच्या कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या कस्टम्सच्या ओळखपत्रावर, ब्रोकरकडे लागता येतं, कस्टम्सची परीक्षा दिली की जी-कार्ड, म्हणजे कागदांवर सही करायचा अधिकार. पदवी आणि जी-कार्डाचा दोन वर्षांचा अनुभव असला की 2018 च्या नियमांप्रमाणे ब्रोकरच्या लायसन्सच्या परीक्षेला बसता येतं. ती नासिन ही कस्टम्सची प्रशिक्षण संस्था घेते, लेखी आणि तोंडी. परीक्षा अवघड आहे, नोकरी करत करत अभ्यास करायची तयारी हवी. महागड्या खासगी कोर्सला पैसे भरण्याआधी तिला वर्षभर कामाला लावा. सुरुवातीचा पगार बँकेपेक्षा कमी असेल, हेही तिला आजच सांगा.

मुलगी म्हणून तुमच्या मनात गोदीतल्या कामाचा प्रश्न असणार, पत्रात लिहिला नसलात तरी. वर्गीकरणाचं, कागदपत्रांचं बहुतेक काम ऑफिसात होतं. मालाच्या तपासणीला सीएफएसवर, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, जावं लागतं, आणि तिनं जावंच. माल हातात घेतल्याशिवाय हेडिंग कळत नाही.

बँकेच्या परीक्षांना माझी हरकत नाही, पण तिचा ओढा इकडे असेल तर त्याऐवजी एसएससीची, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची, सीजीएल ही पदवीधरांची परीक्षा द्यायला सांगा. त्यातून कस्टम्समध्ये एक्झामिनर आणि प्रिव्हेंटिव्ह ऑफिसरची पदं भरतात. सरकारी नोकरीची तुमची इच्छाही राहील आणि तिचा विषयही.

या महिन्यात एवढंच करा. ऑफिसात मालकांची परवानगी घेऊन, ग्राहकाचं नाव झाकून, जुन्या दोन-तीन बिल ऑफ एन्ट्री तिच्यासमोर ठेवा आणि हेच हेडिंग का लावलं ते तिला टॅरिफमधून शोधायला सांगा. तिला त्यात रस वाटला तर एच-कार्डाचा अर्ज करा. नाही वाटला तर मला पुन्हा लिहा, मग दुसऱ्या वाटांचं बोलू.