पाच वर्षांचे भाडे आणि तीस दिवसांचे सभासद

एका मोठ्या शहरातील सॉफ्टवेअर अभियंत्याचे पत्र आले आहे. वय 38, पत्नी सध्या कमावत नाही, मुलगी प्राथमिक शाळेत. गेली दोन वर्षे ते एक शनिवार सोडून दर दुसऱ्या शनिवारी घरून किंवा एकट्याने काम करणाऱ्या तंत्रज्ञांची बैठक भरवतात आणि त्यातूनच 40 खुर्च्यांची को-वर्किंग जागा, म्हणजे अनेकांनी शुल्क भरून वापरायचे सामायिक कार्यालय, सुरू करण्याचा विचार पुढे आला. जागा पाहून ठेवली आहे, करार वकिलाकडे आहे आणि पुढच्या शुक्रवारी सही करायची आहे. जागा सुरू झाली की नोकरी सोडायची, असेही ठरले आहे. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की सुरुवातीचा पैसा आपण नोकरी करतो त्या कंपनीचे, स्वतःजवळ असलेले शेअर तारण ठेवून कर्जाने उभा करावा, की विमा योजना मोडून.

रकमा छापू नयेत अशी त्यांची विनंती असल्यामुळे त्यांच्या घराचा एका महिन्याचा खर्च हेच माप मी पुढे वापरले आहे. जिथे नुसता आकडा येईल, तिथे तितक्या महिन्यांचा घरखर्च असे समजावे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. शेअर तारण ठेवून कर्ज घेऊ नका. शेअरचा भाव उतरला की कर्ज देणारा जादा तारण मागतो, ते देता आले नाही तर पडलेल्या भावात तुमचे शेअर विकतो, आणि हे नेमके तुमची नोकरी डळमळीत असताना घडते. विमा योजना मोडणे हा त्यापेक्षा बरा मार्ग आहे, पण तो पैसाही या जागेत घालू नका. ही योजना मुळात तुम्हाला विकायलाच नको होती. तुम्ही तिचे मूल्य 20 धरले आहे, पण ते तुम्ही भरलेल्या हप्त्यांचे मूल्य आहे. तुम्हीच जोडलेल्या विवरणपत्रात आजची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे योजना मोडली तर हाती येणारी रक्कम, 14 आहे. तुमच्या पश्चात कुटुंबाला 50 मिळतील, म्हणजे जेमतेम चार वर्षांचा घरखर्च, आणि मुलगी तेव्हा शाळेतही असू शकेल. "यावर कर्जही मिळते, म्हणजे पैसा दोन्हीकडे वाढतो," असे सांगून ज्याने ही योजना गळ्यात मारली, त्याने तुम्हाला ना पुरेसा विमा दिला, ना धड गुंतवणूक. आधी साधा टर्म विमा, म्हणजे मृत्यू झाला तरच कुटुंबाला रक्कम देणारा विमा, घ्या, तो लागू झाल्याचे पत्र हाती आल्यावरच या योजनेचे काय करायचे ते पाहू.

आता खरा विषय. पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेला आहात: "करार नऊ वर्षांचा आहे, पहिली पाच वर्षे लॉक-इन आहे आणि घरमालकाने माझी वैयक्तिक हमी मागितली आहे, पण ते नेहमीचेच असते." लॉक-इन म्हणजे तेवढा काळ जागा सोडली तरी भाडे द्यावेच लागते, आणि वैयक्तिक हमी म्हणजे ते तुमच्या स्वतःच्या पैशातून. तुम्ही मला 35 उभे कसे करावेत हे विचारत आहात, त्यांतले 25 फर्निचर, वायरिंग आणि इंटरनेटसाठी, तर 10 अनामत रकमेसाठी. पण शुक्रवारच्या सहीने तुम्ही 35 बांधून घेत नाही. एका वर्षाचे भाडे सुमारे 19 आहे. पाच वर्षांचे 96. करारातील दरवर्षीची पाच टक्के वाढ धरली तर 106. जागा चालो वा न चालो, हे तुम्ही देणे लागता.

हे देण्यासाठी तुमच्याजवळ काय आहे? तुमच्या हिशोबाने 100: शेअर 60, विमा योजना 20, बँकेतील ठेवी 20. मात्र 60 पैकी 15 किमतीचे शेअर अजून व्हेस्ट झालेले नाहीत, म्हणजे तुमच्या मालकीचे झालेले नाहीत, आणि नोकरी सोडताच ते रद्द होतील. विमा योजनेचे 14 झाले. उरले 79, शेअर विकताना लागणारा कर वजा केला तर 75 धरू. म्हणजे 75 हाती असलेला माणूस 106 ची हमी देत आहे, आणि त्याला वाटते आहे की आपण 35 चा निर्णय घेत आहोत.

समोर उत्पन्न आहे ते सभासदांचे, आणि सभासद तीस दिवसांची सूचना देऊन जाऊ शकतात. तसे ते जाऊ शकतात म्हणूनच तर ते येतात. को-वर्किंगचा तोच गुण आहे. पण लांब मुदतीचे देणे आणि आखूड मुदतीचे येणे यांची ही जोडी या धंद्यातील मोठमोठ्यांना भोवली आहे. इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा डॉटकॉम फुगा फुटल्यावर, तयार कार्यालये भाड्याने देणाऱ्या रीगस कंपनीला आपल्या अमेरिकेतील व्यवसायासाठी जानेवारी 2003 मध्ये दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. वीवर्क या को-वर्किंग कंपनीचे मूल्यांकन जानेवारी 2019 मध्ये 47 अब्ज डॉलर होते आणि त्याच वर्षी शेअरविक्रीसाठी दाखल केलेल्या कागदपत्रांत पुढील वर्षांच्या भाड्याचे देणेही जवळपास तेवढेच, 47 अब्ज डॉलर, दिसत होते. ती शेअरविक्री सप्टेंबरमध्ये मागे घ्यावी लागली, पुढे महासाथ आली, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या कंपनीने बहुतेक भाडेकरार स्वतंत्र उपकंपन्यांच्या नावे केले होते आणि मूळ कंपनीची हमी मर्यादित ठेवली होती. दिवाळखोरीत तिला अनेक करार सोडूनही देता आले. ज्यांच्यामागे अब्जावधी डॉलर होते त्यांनी जी खबरदारी घेतली, ती तुमच्या करारात नाही. तुमच्या करारात घरमालक आणि तुमचे कुटुंब यांच्यामध्ये कोणीच उभे नाही.

आता जागेचा महिन्याचा हिशोब करू, आणि तो खुर्च्यांमध्ये केला तर सोपा जातो; एक खुर्ची म्हणजे एका सभासदाचे महिन्याचे शुल्क. तुम्ही ठरवलेल्या शुल्कानुसार भाडे भागवायला 20 खुर्च्या लागतात. वीज, दोन इंटरनेट जोडण्या, साफसफाई आणि जागा सांभाळणारी एक व्यक्ती यांना 10 खुर्च्या. म्हणजे 40 पैकी 30 खुर्च्या भरल्या की ना नफा ना तोटा. तुमचा घरखर्च साडेबारा खुर्च्यांएवढा आहे. तिसऱ्या महिन्यात 36 खुर्च्या भरतील असे तुम्ही धरले आहे; समजा तसे झालेही, तर उरतात 6 खुर्च्या, म्हणजे निम्मा घरखर्च. चाळीसच्या चाळीस भरल्या तरी 10 खुर्च्याच उरतात आणि घर चालत नाही. तुमचा आजचा हाती येणारा पगार 22 खुर्च्यांएवढा आहे. योजना पूर्ण यशस्वी झाल्यावरही ज्या धंद्यातून घर चालणार नाही, त्याच्यासाठी नोकरी सोडण्याचा बेत कोणत्या हिशोबावर झाला, हे मला तुमच्या तक्त्यात सापडले नाही. तक्त्याच्या तळाशी "कार्यक्रम व बैठकीच्या खोलीचे उत्पन्न" अशी एक ओळ आहे आणि तिच्यासमोरचा आकडा नेमका तूट भरून निघेल एवढा आहे. असा आकडा तूट पाहून बसवलेला असतो.

मी पहिल्या वर्षी सरासरी 20 खुर्च्या धरतो. महिन्याला तूट 10 खुर्च्यांची, म्हणजे वर्षाला सुमारे 10 महिन्यांचा घरखर्च. दुसऱ्या वर्षी 24 खुर्च्या आणि वाढलेले भाडे धरले तर आणखी 7. दोन वर्षांचा घरखर्च 24, सुरुवातीचे 35. बेरीज 76. तुमच्याजवळ होते 75. दुसरे वर्ष संपताना बचत शून्य, आणि लॉक-इनचे तीन वर्षांचे भाडे 67 अजून बाकी. अनामत वळती करून घेतली तरी 57.

हा अंदाज फार निराशेचा आहे असे तुम्ही म्हणाल, कारण 62 जणांनी "आम्ही येऊ" असे कळवले आहे. त्या यादीविषयी तुम्ही स्वतःच दिलेली माहिती मला सर्वांत जास्त खटकली. 62 पैकी 28 जण तुमच्याच कंपनीत आहेत आणि उरलेले जवळजवळ सगळे त्याच क्षेत्रात. तुमचा पगार एका कंपनीकडून येतो, बचतीतला सर्वांत मोठा हिस्सा त्याच कंपनीच्या शेअरमध्ये आहे, आणि आता उद्याचे उत्पन्नही त्याच कंपनीच्या आणि तिच्यासारख्यांच्या कर्मचाऱ्यांकडून येणार आहे. हे तीन आधार दिसायला वेगळे आहेत, पण उभे एकाच खांबावर आहेत. 2022 मध्ये नॅस्डॅक हा तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकेतील शेअर निर्देशांक सुमारे एक तृतीयांश घसरला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने 11,000 जणांना कमी केले, आणि जानेवारी 2023 मध्ये गूगलच्या पालक कंपनीने 12,000, तर मायक्रोसॉफ्टने 10,000 नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. तसे वर्ष पुन्हा आले तर तुमच्या शेअरचा भाव आणि भरलेल्या खुर्च्या एकाच वेळी कमी होतील, नवी नोकरी मिळणेही तेव्हाच अवघड असेल, आणि भाडे मात्र ठरल्या तारखेला द्यावे लागेल. एन्रॉन ही अमेरिकेतील ऊर्जा कंपनी डिसेंबर 2001 मध्ये बुडाली तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी आणि निवृत्तीसाठीची बचत बरोबरच गेली, कारण त्या बचतीचा मोठा भाग कंपनीच्याच शेअरमध्ये होता. तुमची कंपनी एन्रॉनसारखी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. चांगल्या कंपनीचा शेअरही वाईट वर्षी निम्म्यावर येऊ शकतो.

म्हणून जागा घ्या किंवा घेऊ नका, व्हेस्ट झालेल्या 45 किमतीच्या शेअरपैकी दोन तृतीयांश येत्या वर्षात टप्प्याटप्प्याने, कराचा हिशोब पाहून विका आणि तो पैसा अनेक क्षेत्रांत विखुरलेल्या, शेअर निर्देशांकाप्रमाणे गुंतवणूक करणाऱ्या स्वस्त इंडेक्स फंडात व ठेवींत ठेवा. बँकेतील 20 मधील 12 हा वर्षभराचा घरखर्च आहे, त्याला कोणत्याही कारणाने हात लावू नका. "भाव आणखी वाढेल तेव्हा विकू" हे तुमचे वाक्य मी रोज ऐकतो. पगाराच्या रूपाने त्या वाढीत तुमचा वाटा आधीच आहे.

तुमच्या मूळ कल्पनेबद्दल मला आदर आहे, आणि तो केवळ सौजन्यापोटी नाही. दोन वर्षे दर पंधरवड्याला माणसे जमवणे हे फर्निचरपेक्षा कितीतरी कठीण काम आहे आणि ते तुम्ही केले आहे. ब्रॅड न्यूबर्ग यांनी 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ज्या को-वर्किंग जागेपासून सुरुवात केली, ती दुसऱ्या एका संस्थेच्या जागेत आठवड्यातून फक्त दोन दिवस चालत असे, आणि पहिल्या महिन्यात तिथे कोणी आलेच नाही. त्यांच्या नावे पाच वर्षांचा करार नव्हता, म्हणून एक रिकामा महिना त्यांना पेलला. फिलाडेल्फियातील इंडी हॉल या को-वर्किंग जागेच्या संस्थापकांनीही आधी माणसे जोडली आणि 2007 मध्ये मग जागा उघडली. तुमच्याजवळ माणसे आहेत. जागा तूर्त दुसऱ्याची वापरता येईल. चालू असलेल्या एखाद्या को-वर्किंग केंद्राकडून 12 खुर्च्या आठवड्यातून दोन दिवस, महिन्याच्या बोलीवर घ्या, नोकरी चालू ठेवा आणि सहा महिने पाहा की पैसे देऊन कोण येते, दुसऱ्या महिन्यातही कोण येते, आणि कोणाला त्यांच्या कंपनीचे माहिती-सुरक्षेचे नियम सामायिक जागेत काम करूच देत नाहीत. नोकरी चालू असताना दुसरा व्यवसाय करण्याविषयी तुमच्या नेमणुकीच्या करारात काय लिहिले आहे, तेही त्याआधी वाचा.

याच जागेवर तुमचे मन असेल, तर घरमालकाशी बोलण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला महसुलातील वाट्याचा: जागा आणि फर्निचर त्याचे, माणसे आणि व्यवस्था तुमची, येणाऱ्या शुल्कात दोघांचा हिस्सा. या धंद्यात असे करार होतात, आणि जागा बराच काळ रिकामी असेल तर घरमालक ऐकण्याची शक्यता असते. दुसरा भाड्याचाच, पण करार मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या नावे, लॉक-इन एक वर्षाचे, त्यानंतर तीन महिन्यांची सूचना, आणि वैयक्तिक हमी फार तर सहा महिन्यांच्या भाड्यापुरती. सहा महिन्यांचे भाडे म्हणजे 10. तेवढे बुडाले तर दुःख होईल, पण घर उभे राहील. कोणत्याही मार्गात सभासदांची अनामत वेगळ्या खात्यात ठेवा; तुमच्या तक्त्यात ती पहिल्या महिन्याचे उत्पन्न म्हणून आली आहे, पण तो त्यांचा पैसा आहे आणि ते जातील तेव्हा परत द्यायचा आहे.

वकिलांना आजच कळवा की शुक्रवारची सही होणार नाही. वरील दोन प्रस्ताव घरमालकाकडे लेखी पाठवा, आणि त्याने दोन्ही नाकारले तर ही जागा जाऊ द्या. येत्या बैठकीत त्या 62 जणांसमोर शुल्काचा आकडा ठेवा, तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागा, जागा सुरू झाली नाही तर ते पूर्ण परत मिळतील असे लिहून द्या, आणि पंधरा दिवस थांबा. किती जणांनी भरले आणि त्यांतले किती तुमच्या कंपनीबाहेरचे आहेत, हे दोन आकडे मला कळवा.