इंग्लंडचं कायमस्वरूपी आरमार नेमकं कोणी उभारलं?

श्रेय बहुतेकदा आठव्या हेन्रीला देतात, पण पाया त्याच्या बापाने घातला. त्याआधी लढाई आली की राजा व्यापाऱ्यांची जहाजं ताब्यात घ्यायचा आणि काम झालं की परत करायचा. सातव्या हेन्रीने १४९५ मध्ये पोर्ट्‌समथला कोरडी गोदी (पाणी काढून जहाज दुरुस्त करायची जागा) बांधली. मुलाने जहाजं वाढवलीच, शिवाय १५४६ मध्ये त्यांची डागडुजी, रसद, हिशेब पाहणारं मंडळ नेमलं. माझ्या मते खरा टप्पा हाच. जहाजं काय, कुणीही बांधतं! तरी १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराशी लढलेली बरीचशी इंग्रज जहाजं खासगीच होती. मोठी वाढ झाली ती राजा चार्ल्स पहिल्याचं मुंडकं उडवल्यावर, प्रजासत्ताकाच्या काळात. राजेशाही परतल्यावर त्याच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, ते आरमार आयतंच मिळालं.