एक टक्का कशाचा? प्रोटिओमिक्समधील एफडीआरविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : प्रोटिओमिक्समध्ये, म्हणजे नमुन्यातील प्रथिनांच्या एकत्रित अभ्यासात, एफडीआर (फॉल्स डिस्कव्हरी रेट, यादीतील चुकीच्या ओळखींचे अंदाजे प्रमाण) १ टक्का ठेवला, म्हणजे यादीतील प्रत्येक पेप्टाइडची (प्रथिनाच्या तुकड्याची) ओळख ९९ टक्के खात्रीची समजावी का?

उत्तर : नाही. हा एक टक्का संपूर्ण यादीचा आहे, तिच्यातील एकेका ओळखीचा नव्हे. प्रत्येक स्पेक्ट्रम (पेप्टाइडची मास स्पेक्ट्रोमीटरवरील नोंद) खऱ्या प्रथिनक्रमांबरोबरच उलटे लिहिलेल्या डिकॉय, म्हणजे बनावट, क्रमांशीही ताडला जातो आणि जुळणीला गुण दिले जातात. डिकॉय नमुन्यात नसतातच, म्हणून गुणांचा उंबरठा जितके डिकॉय ओलांडतात, साधारण तितक्याच चुका खऱ्या क्रमांतही दडलेल्या असाव्यात, असा हा अंदाज असतो. या चुका उंबरठ्यालगत दाटलेल्या असतात. एखाद्याच पेप्टाइडवर निष्कर्ष उभारायचा असेल, तर क्यू-मूल्यावर (ती ओळख ज्या किमान एफडीआरला यादीत येते, त्यावर) न थांबता त्या ओळखीची पीईपी, म्हणजे ती चुकीची असण्याची शक्यता, पाहावी.

प्रश्न : स्पेक्ट्रम-पातळीवर १ टक्का राखल्यावर प्रथिनांची वेगळी तपासणी कशासाठी?

उत्तर : कारण बरोबर ओळखी त्याच त्या प्रथिनांवर गोळा होतात आणि चुकीच्या ओळखी साऱ्या डेटाबेसभर विखुरतात. समजा, १,००,००० ओळखींपैकी ९९,००० बरोबर असून त्या ५,००० प्रथिनांवर पडल्या. उरलेल्या १,००० चुकांनी ७०० नवी प्रथिने यादीत आणली, तर ५,७०० प्रथिनांच्या यादीत सुमारे १२ टक्के चुकीची ठरतात. अनेक प्रयोगांचा डेटा एकत्र केला की हे प्रमाण आणखी फुगते, कारण खरी प्रथिने तीच राहतात आणि चुका मात्र नव्याने भर घालतात. २०१४ साली ‘नेचर’मध्ये मानवी प्रोटिओमचे (शरीरातील सर्व प्रथिनांच्या संचाचे) दोन मसुदे आले, तेव्हा अपेक्षा नसलेल्या ऊतींतही गंधग्राही प्रथिने दिसल्यावरून नेमका हाच आक्षेप घेतला गेला. २०१५ मध्ये सुचवलेल्या ‘पिक्ड’ पद्धतीत प्रत्येक प्रथिन आणि त्याचा डिकॉय यांची जोडी लावून वरचढ ठरेल तोच ठेवतात. मोठ्या डेटासाठी मी तीच पसंत करतो.

प्रश्न : किमान दोन पेप्टाइड असलेलीच प्रथिने ठेवली, तर पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. मोठ्या डेटात लांबलचक प्रथिनावर दोन चुकीची पेप्टाइड योगायोगानेही पडतात, आणि एकच पण उत्तम पेप्टाइड देणारी छोटी प्रथिने हकनाक गळतात.

प्रश्न : मला केवळ फॉस्फोपेप्टाइड (फॉस्फेट जोडलेली पेप्टाइड) हवी आहेत. एकत्रित एफडीआर चालेल का?

उत्तर : त्या गटाचा एफडीआर त्याच्याच डिकॉयवरून स्वतंत्र काढावा, एकूण यादीतला एक टक्का या गटात कितीतरी अधिक असू शकतो. फॉस्फेट नेमक्या कोणत्या अमिनो आम्लावर आहे, हे मात्र एफडीआर सांगत नाही. त्यासाठी स्थाननिश्चितीचे वेगळे गुण तपासावे लागतात.