मॉरिशसमध्ये किनारे सोडून वसाहतकाळाच्या खुणा दोन दिवसांत कशा पाहाव्यात?

पहिली सकाळ पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला द्या. १८३४ ते १९२० या काळात जवळपास ५ लाख गिरमिटिया (कराराने बांधलेले) मजूर मॉरिशसमध्ये आले; त्यांत कोकणातले मराठीही होते. १८४९ पासून या घाटावर त्यांची नोंदणी व्हायची. बोटीतून उतरून चढायच्या त्या १६ काळ्या दगडी पायऱ्या अजून आहेत. आवार छोटं आहे, पण शेजारचं माहिती केंद्र आधी पाहा, नाहीतर नुसत्या भिंती पाहून परत याल. प्रवेश विनामूल्य. रविवारी बंद असतं, शनिवारीही लवकर आटोपतं. नेमके इथेच बरेच जण फसतात.

जवळच्या इमिग्रेशन स्क्वेअरहून पाँप्लमूस गावाची बस मिळते. तिथे फ्रेंच काळातली बाग आणि बो प्लाँच्या जुन्या कारखान्यातलं साखर संग्रहालय. संग्रहालयाला किमान दोन तास ठेवा. गुलामगिरी, ऊस आणि मजूर यांचा धागा तिथेच नीट जुळतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ल मॉर्न डोंगर, पळालेल्या गुलामांचा आसरा. वरचा टप्पा उभ्या खडकाचा. पाऊस पडला असेल तर चढूच नका. दुपारी गाडीने गंगा तलाव, हिंदूंचं पवित्र तळं; महाशिवरात्रीच्या आसपास मात्र रस्ते यात्रेकरूंनी भरलेले असतात.